अल्लादियाखाँ : करवीर ते मुंबई

परगावच्या नोकरीचे पत्र घरात आले म्हणजे पहिले दोन दिवस आनंदाचे जातात आणि तिसऱ्या दिवसापासून काळजीला सुरुवात होते. पगाराचा आकडा चांगला असतो. पण गाव अनोळखी, जागेचे भाडे भारी, जवळचे असे कोणी नाही. इकडे आईवडिलांचे वय झालेले, वाड्याचा आणि देवघराचा प्रश्न उभा. मग घरात दोन पक्ष पडतात. एकाचे म्हणणे, संधी दार पुन्हा ठोठावणार नाही. दुसऱ्याचे म्हणणे, घरची अर्धी भाकर बरी. जुन्या घराण्यांतून हा प्रसंग प्रत्येक पिढीत एकदा तरी आला आहे आणि प्रत्येक पिढीने तो जणू आपल्यावरच प्रथम आला अशा समजुतीने सोसला आहे.

अशा वेळी आपल्याच गावात सत्तावीस वर्षे राहिलेल्या एका थोर पुरुषाच्या चरित्राकडे पाहावे. गायनाचार्य अल्लादियाखाँ यांचा संगीतातील अधिकार कोल्हापुरात नव्याने सांगण्याचे कारण नाही. त्यांच्या गायकीवर गोविंदराव टेंब्यांसारख्या जाणकाराने लिहून ठेवले आहे आणि त्यांच्या शिष्यांची नावे घराघरात ठाऊक आहेत. परंतु अनोळखी गावी नोकरीसाठी जावे की न जावे, हा प्रश्न खाँसाहेबांपुढे आयुष्यात दोनदा ठाकला. एकदा चाळिशीत आणि एकदा सदुसष्टाव्या वर्षी. दोन्ही वेळा त्यांनी त्याचा निकाल कसा लावला, इकडे मात्र आपले फारसे लक्ष गेलेले नाही.

खाँसाहेबांचा जन्म १० ऑगस्ट १८५५ रोजी राजपुतान्यात जयपूरकडील उनियारा या छोट्या संस्थानात झाला. घराणे मूळचे अलीगढजवळच्या अत्रौलीचे. म्हणजे स्थलांतर या कुळाला नवे नव्हते. दरबार जिकडे, बिऱ्हाड तिकडे, हाच गवयांचा शिरस्ता. वडील ख्वाजा अहमदखाँ उनियाऱ्याच्या दरबारी होते. मुलगा जाणता होतो न होतो तोच ते निवर्तले आणि तालमीचा भार चुलते जहांगीरखाँ यांनी उचलला. जयपुरास त्यांच्याजवळ आधी धृपदाची आणि मग ख्यालाची तालीम वर्षानुवर्षे झाली. एकच पलटा दिवसभर घोटायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच घ्यायचा, अशी ती शिस्त. त्या काळी जयपुरात बीनकार, धृपदिये आणि ख्यालिये यांची दाटी होती. ज्याला कान होते त्याला भिंतीपलीकडूनही शिक्षण मिळे.

पुढे तरुणपणी आमलेटा नावाच्या लहानशा संस्थानात ते राहिले. तेथील राजा गाण्याचा विलक्षण शौकीन. पण शौकाला सुमार नसला म्हणजे तो पोशिंद्याच्या हातून कसा जुलूम करवितो, याचा अनुभव खाँसाहेबांना तेथे आला. दिवस नाही, रात्र नाही, राजाची इच्छा झाली की गायचे. अखेर गळ्याने दगा दिला आणि आवाज बसला. ज्याच्या पोटापाण्याचे साधन गळा, त्याचा गळाच गेला म्हणजे काय उरले? आवाज परत आला तो दोनेक वर्षांनी, आणि तोही पूर्वीचा नव्हे. पहिली तार, पहिला गोडवा, पहिली फिरत त्यात राहिली नव्हती.

येथे कोणताही मनुष्य खचला असता. खाँसाहेबांनी आलेल्या आवाजाची परीक्षा केली. त्याला काय जमते आणि काय जमत नाही ते पाहिले आणि त्याच्या बेताने गायकीची नवी मांडणी केली. आकाराने भरलेला मोकळा सूर, लयीच्या अंगाने वळत जाणारी आलापी, तालाच्या मात्रांशी गुंफलेली आणि कोठून कोठे जाईल याचा अंदाज लागू न देणारी तान, जोडरागांची व अनवट रागांची आवड, ही जी आज जयपूर-अत्रौली घराण्याची लक्षणे म्हणून विद्यार्थ्यांना सांगितली जातात, त्यांचा उगम या संकटात आहे. गवयाच्या विद्येला संस्थानिकाच्या लहरीपलीकडे काही आधार हवा, हा धडाही त्यांनी तेथेच घेतला असला पाहिजे. कारण पुढील त्यांचे वर्तन त्या धड्याला धरून दिसते.

आवाज सुधारल्यावर खाँसाहेब उत्तरेत व नंतर गुजरातेच्या आणि मुंबईच्या बाजूस गात फिरले. १८९५च्या सुमारास त्यांचे पाऊल कोल्हापुरास स्थिरावले. शाहू महाराजांना गादीवर येऊन तेव्हा पुरते दोन वर्षेही झाली नव्हती. महाराजांचे वय एकवीस आणि खाँसाहेबांचे चाळीस. महाराजांनी त्यांना दरबार गवई नेमले.

आज आपल्याला यात काही विशेष वाटत नाही, कारण खाँसाहेब आणि कोल्हापूर ही नावे आपल्या मनात जोडूनच आली आहेत. पण त्या वेळच्या त्यांच्या बाजूने विचार करावा. राजपुतान्याच्या कोरड्या हवेतून आलेला मनुष्य. येथे मृगापासून पुढे चार महिने ओल. तंबोऱ्याच्या तारा चढवाव्यात आणि तासाभरात त्या उतराव्यात. बोली वेगळी, जेवण वेगळे, रीतिभाती वेगळ्या. श्रोता नाट्यपदांवर आणि लावणीवर वाढलेला. अनवट राग ऐकून मान डोलावणारे थोडे. शिवाय घराण्याची सारी सोयरीक उत्तरेत. अशा गावी बिऱ्हाड करायचे ते एका कोवळ्या वयाच्या राजाच्या भरवशावर, आणि राजाच्या भरवशाचा अनुभव तर आमलेट्याला आलेला!

तरीही ते राहिले, आणि त्याची कारणे शोधू गेल्यास ती सापडतात. महाराजांनी गवयाला नुसता शोभेचा नोकर मानले नाही. कुस्ती, नाटक आणि गायन या तिन्हींना कोल्हापुरात त्यांच्या काळी जे वळण लागले ते सर्वश्रुत आहे. खाँसाहेबांना येथे वेतन मिळाले, मान मिळाला आणि बाहेरगावी मैफलींना जाण्याइतकी मोकळीक मिळाली. महालक्ष्मीच्या देवळात त्यांची गायनसेवा होई. मुसलमान गवयाने अंबाबाईपुढे गावे यात कोणाला वावगे वाटले नाही, ही गोष्ट गावालाही भूषणावह आणि त्यांनाही.

दुसरे कारण असे की ते एकटे राहिले नाहीत. धाकटे बंधू हैदरखाँ हेही कोल्हापुरास आले. मुलगे तीन, थोरले नसीरुद्दीन ऊर्फ बडेजी, मधले बद्रुद्दीन ऊर्फ मंजीखाँ आणि धाकटे शम्सुद्दीन ऊर्फ भूर्जीखाँ. घरातच तालीम, घरातच चर्चा. परक्या गावात घराण्याची विद्या टिकते ती अशी. चार तोंडांतून तीच चीज रोज निघाली म्हणजे गाव परके राहत नाही. शिष्यही मिळाले. बडोद्याच्या फैज महंमदखाँकडे आणि आग्रा घराण्याच्या नथ्थनखाँकडे शिकून तयार झालेले भास्करबुवा बखले यांनी खाँसाहेबांना आपले तिसरे गुरू केले. एवढा नाणावलेला गवई पुन्हा विद्यार्थी होऊन समोर बसतो, हे कोणत्याही गुरूला कोणत्याही वेतनापेक्षा मोठे वाटेल.

अशी सत्तावीस वर्षे गेली. मग १९२२ साल उजाडले. त्या वर्षी ८ एप्रिलला पुण्यास भास्करबुवा वारले आणि महिन्याच्या आतच, ६ मे रोजी, मुंबईस शाहू महाराजांचे देहावसान झाले. सर्वांत मोठा शिष्य आणि सर्वांत मोठा आश्रयदाता एका उन्हाळ्यात गेले. महाराजांचे वय अवघे सत्तेचाळीस. त्यांच्या मागे आपण कोल्हापुरात असू, असा हिशेब एकोणीस वर्षांनी वडील असलेल्या खाँसाहेबांनी कधी केला नसेल.

आता त्यांच्यापुढे जो प्रश्न होता तो चाळिशीतल्या प्रश्नापेक्षा अवघड होता. सदुसष्टावे वर्ष चालू होते. या वयात मनुष्य नातवंडांना मांडीवर घेऊन बसतो. कोल्हापुरात घर होते, नाव होते, रस्त्याने जाताना लोक मुजरा करीत. नवे महाराज गादीवर आले होते. पण दरबारचे गाणे एका माणसाच्या आवडीवर उभे असते आणि तो माणूस बदलला की त्याचा रंग बदलतो, हे जन्मभर दरबारे पाहिलेल्या गवयाला कोणी सांगावे लागत नव्हते.

दुसरीकडे मुंबई. कोल्हापूरहून निघावे, पुण्यापर्यंत लहान रुळांच्या गाडीने जावे, तेथे गाडी बदलून मोठ्या रुळांवरून घाट उतरावा, तेव्हा ते शहर यायचे. तेथे राजा नव्हता. गवयाला पोसणारे होते ते कापडाचे व कापसाचे व्यापारी, वकील, डॉक्टर, गाण्याचे क्लब आणि ज्यांना गाणे हेच उपजीविकेचे साधन होते अशा कलावंत स्त्रिया. एक मैफल रंगली तर दुसरी मिळणार, नाही रंगली तर नाही. विष्णु दिगंबरांनी तेथे मोठ्या हिमतीने विद्यालयाची इमारत उभी केली होती आणि तिच्या कर्जाखाली ते दबत चालले होते. १९२४ साली ती वास्तू त्यांच्या हातून गेलीच. मुंबईचा आश्रय किती बेभरवशाचा, याचे उदाहरण असे डोळ्यांसमोर होते.

तथापि खाँसाहेबांची उडी आंधळी नव्हती, हे ध्यानात ठेवले पाहिजे. मुंबई त्यांना पूर्वीपासून परिचित होती. महाराज असतानाच, १९२१ सालच्या आरंभी, मुंबईस स्थायिक झालेल्या केसरबाई केरकर यांना त्यांनी गंडा बांधला होता. केसरबाई गोव्यातील केरीच्या. लहानपणी काही महिने याच कोल्हापुरात अब्दुल करीमखाँकडे शिकलेल्या, पुढे रामकृष्णबुवा वझे व भास्करबुवा यांची थोडी थोडी तालीम घेतलेल्या. एकाचे पुरते मिळाले नाही म्हणून त्या अस्वस्थ होत्या. खाँसाहेबांनी त्यांचा मागचा सारा अभ्यास बाजूस ठेवून मुळापासून स्वर लावून घेतला. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, नाव झालेले असताना, पुन्हा साध्या पलट्यांवर यायला ज्या शिष्येची तयारी आहे, ती ज्या गावात आहे, ते गाव गुरूला अनोळखी कसे म्हणावे?

खाँसाहेबांच्या निर्णयाचे मर्म मला येथे दिसते. पैशाचा विचार त्यांनी केला नसेल असे नाही; मोठ्या कुटुंबाच्या कर्त्या पुरुषाला तो करावाच लागतो. पण कोल्हापूर आणि मुंबई यांची तुलना करताना वेतनाचे दोन आकडे समोरासमोर मांडून त्यांनी निकाल लावलेला दिसत नाही. आपल्या विद्येला यापुढे कोण मागणी करणार आणि ती कोठे राहते, हा त्यांचा प्रश्न होता. १८९५ साली त्याचे उत्तर कोल्हापूर होते. १९२२ साली ते मुंबई झाले. गाव बदलले, कसोटी तीच राहिली.

मुंबईने त्यांचा हिशेब खरा केला. दरबारच्या भिंतीआड जे गाणे मोजक्या मंडळींनी ऐकले होते ते आता शहरातील रसिकांपुढे आले. पुढील चोवीस वर्षे खाँसाहेब मुंबईत होते आणि त्यातील बराच काळ त्यांनी शिकविण्यात घालविला. ग्रामोफोनच्या तबकड्या तेव्हा घरोघर वाजू लागल्या होत्या. १९२७ साली मुंबईचे रेडिओ केंद्र सुरू झाले. या नव्या साधनांना त्यांनी आपला आवाज दिला नाही. त्यांच्या गाण्याची एकही तबकडी आज उपलब्ध नाही. म्हणून त्यांची गायकी आपल्यापर्यंत आली ती केवळ शिष्यांच्या गळ्यातून. मुंबईस जाऊन ते शिष्य घडले नसते, तर काय शिल्लक राहिले असते याचा विचार करावा.

पण स्थलांतराची किंमत पडते, आणि ती नेहमी स्थलांतर करणाऱ्यानेच भरली असे होत नाही. मोगूबाई कुर्डीकरांची हकीकत याच काळातली आहे. सांगलीस वैद्यांच्या उपचारासाठी खाँसाहेब राहिले असताना नाटकमंडळीतून बाहेर पडलेल्या या मुलीचे गाणे त्यांच्या कानी पडले आणि त्यांनी तिला शिकविण्यास आरंभ केला. खाँसाहेब मुंबईस निघाले तेव्हा मोगूबाईंचे वय अठराच्या आसपास. आईचे छत्र हरपलेले, हातात पैसा नाही, शहरात ओळख नाही. गुरू जेथे, तेथे शिक्षण, एवढ्या एका आधारावर त्याही मुंबईस गेल्या.

तेथे गेल्यावर मात्र गुरू त्यांच्या वाट्यास आले नाहीत. ज्यांच्या आश्रयावर खाँसाहेब मुंबईत होते त्या मंडळींना त्यांनी दुसऱ्यांना शिकविणे रुचले नाही आणि मोगूबाईंची तालीम थांबली. दरबारचे बंधन गेले तरी शेठजींचे बंधन आले, असे म्हणावे लागते. मोगूबाईंनी आग्रा घराण्याच्या बशीरखाँकडे आणि विलायत हुसेनखाँकडे काही काळ शिकून पाहिले. १९२६पासून हैदरखाँ त्यांना शिकवू लागले; पण तेथेही विरोध उभा राहिला आणि १९३१ साली हैदरखाँना मुंबई सोडावी लागली. पुढे १९३४ साली खाँसाहेबांनी मोगूबाईंना रीतसर गंडा बांधला. बारा वर्षे! या बारा वर्षांत त्या आपल्या गावी परतल्या असत्या तर त्यांना कोणी दोष दिला नसता. त्यांची कन्या किशोरी आमोणकर हिचे गाणे ज्यांनी ऐकले आहे त्यांनी या बारा वर्षांचे स्मरण ठेवावे. मोगूबाईंचे कुर्डी हे गाव पुढे साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. परतायचे म्हटले तरी आता ते जागेवर नाही.

घरातल्या माणसांचीही कथा अशीच मिश्र आहे. मंजीखाँ यांनी काही वर्षे संस्थानच्या जंगल खात्यात नोकरी केली. स्थिर पगाराची ही जागा सोडून तेही अखेर गाण्याकडे वळले आणि मुंबईस त्यांनी नाव मिळविले. धारवाडकडील मल्लिकार्जुन मन्सूर यांना त्यांनीच या गायकीची दीक्षा दिली. परंतु १९३६ साली हैदरखाँ आणि पाठोपाठ १९३७ साली मंजीखाँ गेले. ऐंशी ओलांडलेल्या बापाला मुलाचे मरण पाहावे लागले. शहराने कीर्ती दिली तरी असे दुःख हलके करण्याचे सामर्थ्य कोणत्याच शहरात नसते.

आता कोल्हापूरकरांच्या मनातील एक सल. खाँसाहेबांना मुंबईने आपल्याकडून नेले, असे येथील जुन्या मंडळींत हळहळीने बोलले जाते. त्यात तथ्य नाही असे नाही. पण या कथेचा दुसरा धागा कोल्हापुरातच राहिला होता. धाकटे भूर्जीखाँ यांनी हे गाव सोडले नाही. महालक्ष्मीच्या देवळातील गायनसेवा त्यांनी चालविली आणि शिष्य तयार केले. मंजीखाँच्या मृत्यूनंतर मन्सूरांची अपुरी राहिलेली तालीम भूर्जीखाँनी पुरी केली. कोल्हापूरच्याच धोंडूताई कुलकर्णी त्यांच्याकडे शिकल्या आणि पुढे मुंबईस केसरबाईंच्याही शिष्या झाल्या. वडिलांची मुंबई आणि धाकट्याचे कोल्हापूर अशा दोन्ही वाटा एका विद्यार्थिनीच्या गळ्यात पुन्हा एकत्र आल्या. सारे कुटुंब एकदम उठून मुंबईस गेले असते तर हे घडले नसते. सारे येथेच राहिले असते तरीही घडले नसते.

खाँसाहेबांनी अखेरच्या दिवसांत आपली जीवनकथा नातू अजीजुद्दीनखाँ यांना सांगितली. भूर्जीखाँचे हे पुत्र. म्हणजे मुंबईत गेलेल्या आजोबांची आठवण कोल्हापूरच्या शाखेने उतरवून ठेवली. १६ मार्च १९४६ रोजी मुंबईस खाँसाहेब पैगंबरवासी झाले, तेव्हा त्यांना नव्वद वर्षे पुरी झाली होती. त्यानंतर तीन वर्षांनी, १ मार्च १९४९ रोजी, कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि दरबार गवई हे पदच इतिहासजमा झाले. भूर्जीखाँही १९५० साली गेले.

एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. या घराण्याला जयपूर-अत्रौली असे नाव आहे. अत्रौली पूर्वजांनी सोडली. जयपूर खाँसाहेबांनी सोडले. ज्या कोल्हापुरात ते सत्तावीस वर्षे गायले आणि ज्या मुंबईत त्यांनी चोवीस वर्षे शिकविले, त्यांचे नाव घराण्याच्या नावात नाही. तरीही हे गाणे ज्यांनी पुढे नेले ते कोण? गोव्याच्या केसरबाई व मोगूबाई, धारवाडचे मन्सूर, कोल्हापूरच्या धोंडूताई. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर यान अवकाशात सोडले तेव्हा त्यातील तबकडीत केसरबाईंची भैरवी होती. मागे राहिलेल्या गावांनी नाव दिले आणि नव्या गावांनी गळे दिले.

तेव्हा घरात परगावचे पत्र येईल त्या दिवशी पगाराच्या आकड्याबरोबर आणखी तीन गोष्टी विचाराव्यात. आपल्या हातातील कामाची तेथे कोणाला खरी गरज आहे काय? आपल्या मागोमाग जे येतील त्यांना काय सोसावे लागेल? आणि येथे मागे कोण राहणार? खाँसाहेबांना पहिल्या प्रश्नाचे उत्तर केसरबाईंच्या रूपाने मिळाले होते, दुसऱ्याचे उत्तर मोगूबाईंना बारा वर्षे द्यावे लागले आणि तिसऱ्याचे उत्तर भूर्जीखाँनी आयुष्यभर दिले. या तीन प्रश्नांची उत्तरे नीट मिळाल्यावर ज्याने गाव सोडले त्याला घरच्यांनी अडवू नये, आणि ती न मिळाल्यामुळे जो राहिला त्याला कोणी भित्रा म्हणू नये.